सोलापुरात डोंगर कुठंय?

चाळिशी ओलांडलेल्या बाईने स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘तुला कशाला?’ मिक्सर घ्या, पडदे घ्या, कुणी काही विचारत नाही. त्या वस्तू घराच्या असतात ना! पण सायकल? तीही बॅटरीवर चालणारी, जाड टायरची, जिला ‘माउंटन बाईक’ म्हणतात ती? भिशीचे साठलेले पैसे मी तिच्यासाठी बाजूला काढले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘‘तेवढ्यात एखादी अंगठी तरी झाली असती गं.’’ आणि आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘‘सोलापुरात डोंगर कुठंय?’’

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. आपलं सोलापूर सपाट. डोंगर नाहीत, पण खड्डे आहेत की! बचत गटाच्या कामासाठी मला आठवड्यातून दोन-तीनदा कुंभारीला जावं लागतं. अक्कलकोट रोडवर शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर विडी कामगार महिलांच्या मोठ्या वसाहती आहेत. २००६ साली तिथे गोदूताई परुळेकर वसाहतीतली दहा हजार घरं विडी कामगार महिलांना मिळाली. पुढे रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प उभा राहिला, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. घरं झाली, पण घर ते काम हे अंतर मात्र वाढलं. मोठा रस्ता सोडून आत वळलं की कुठे मुरूम, कुठे खडी, आणि पावसाळ्यात चाकाला चिकटून बसणारी आपली काळी माती. शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. एसटी चुकली की अर्धा दिवस गेला.

‘मग स्कूटी घे की!’ हा सल्ला मला सगळ्यांनी दिला. पण डॉक्टरांनी साखर काठावर आहे, रोज व्यायाम हवाच म्हणून बजावलेलं. नुसत्या साध्या सायकलवर वीस-बावीस किलोमीटरची ये-जा, समोरून वारा आणि डोक्यावर आपलं ऊन, हे गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. बॅटरीची सायकल या दोन्हींच्या मधली. पॅडल आपणच मारायचं, ती मागून हात लावते. लहानपणी सायकल शिकताना दादा कॅरिअर धरून मागे पळायचा ना, अगदी तसं!

दुकानात गेलं की मात्र माणूस गोंधळतो. हीरो लेक्ट्रो आहे, आपल्या पुण्याची ईमोटोराड आहे, आणखीही बऱ्याच आहेत. माउंटन प्रकारातल्या बऱ्या सायकलीला साधारण तीस ते पन्नास हजार मोजावे लागतात. एवढे पैसे घालायचे तर रंग बघून नको, चार गोष्टी विचारून घ्याव्यात.

पहिली, बॅटरी. तिच्यावर दोन आकडे असतात, व्होल्ट आणि अँपिअर-अवर. त्यांचा गुणाकार करा. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॅट-अवर, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत एका युनिटच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते ती धरूनही अर्ध्या युनिटच्या आत काम होतं. पॅडल मारत गेलं तर यात तीस किलोमीटर सहज होतात. पॅडल न मारता नुसती मूठ पिळून चालवली, तर वीस-पंचवीसवरच दम संपतो. जाहिरातीतला आकडा बहुधा हलक्या माणसाचा आणि गुळगुळीत रस्त्याचा असतो, हे लक्षात ठेवा!

दुसरी, बॅटरी काढता येते का? माझं घर दुसऱ्या मजल्यावर. वीस-बावीस किलोची सायकल कोण वर नेणार? बॅटरी तेवढी काढून पर्ससारखी वर आणायची.

तिसरी, ब्रेक. ही सायकल साध्या सायकलीपेक्षा जड आणि वेगवानही. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक हवेतच.

चौथी गोष्ट कायद्याची. मोटर २५० वॅटच्या मर्यादेत असेल आणि २५ किलोमीटरच्या वेगाला मदत आपोआप थांबत असेल, तर लायसन्स आणि नंबरप्लेट लागत नाही. एका दुकानदाराने मला हळूच सांगितलं, ‘‘मॅडम, लिमिट काढून देतो, पस्तीसनं पळंल बघा!’’ मी हात जोडले. मर्यादा काढली की कायद्याच्या नजरेत ती मोटारगाडी होते. मग नोंदणी नाही, विमा नाही, आणि उद्या कुणाला धडकली तर जबाबदार कोण? वर कंपनीची वॉरंटीही जाते. हेल्मेटची सक्ती नसली तरी मी घालते. आपलं डोकं काही सरकारचं नाही!

सायकल घरी आली, पण ती अजून माझी झाली नव्हती. या सायकली कॉलेजातल्या पोरांना डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही. म्हणजे पाऊस पडला की चिखलाचा पट्टा थेट पाठीवर. अशोक चौकाजवळच्या माझ्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेले. तिला चारी बाजूंनी न्याहाळून ते म्हणाले, ‘‘ताई, हिला आधी माणसात आणू.’’

आधी रुंद मडगार्ड. मग कॅरिअर, पण नेहमीचं बसेना, मागच्या डिस्क ब्रेकचा भाग आडवा येत होता. त्यासाठी लांब पट्टीचं वेगळं कॅरिअर मिळतं, ते मागवलं. गटाची रजिस्टरं आणि डबा मावेल अशी जाळीची टोपली पुढे लावली. अरुंद, टणक सीट काढून रुंद बसवली. हँडल खाली वाकून धरावं लागायचं आणि मनगटं भरून यायची, म्हणून त्याची मान उंच करणारा तुकडा घातला. सीटची उंची ठरवायची सोपी युक्ती त्यांनी दाखवली. बसून टाच खालच्या पॅडलवर टेकवली की पाय सरळ व्हायला हवा. ही एक गोष्ट जमली तरी गुडघे निम्मे वाचतात. टायरही बदलले. मूळचे मोठ्या गाठींचे होते, डांबरावर घर्रर्र आवाज करायचे आणि बॅटरी खायचे. मधे गुळगुळीत आणि कडेला गाठी असे घातल्यावर डांबर आणि मुरूम दोन्ही जमलं. घंटी मात्र जुन्या पद्धतीची, ट्रिंग ट्रिंग करणारी!

एक गोष्ट त्यांनी करू दिली नाही. मला मोठा हॉर्न हवा होता. ‘‘बॅटरीच्या वायरीला हात लावायचा नाही,’’ म्हणाले. दिवासुद्धा वेगळा चार्ज होणारा बसवला. मोटर मागच्या चाकात असल्याने पंक्चर काढताना आधी तिची वायर सोडवावी लागते. तो जोड कुठे आहे, हे मी बघून ठेवलं. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याने चाक तसंच ओढलं तर वायर तुटायची.

पोशाखाचं म्हणाल तर या सायकलला उंच दांडी असते, साडीवर जमत नाही. पंजाबी ड्रेस घालून ओढणी गाठ मारून बांधावी. साडीच नेसायची असेल तर दांडी खाली असलेली लेडीज इलेक्ट्रिक सायकल घ्यावी. आणि आपल्या उन्हाचं विसरू नका. मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो. उन्हातून आल्या आल्या तापलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये, तासभर सावलीत थंड होऊ द्यावी. चार्जर कंपनीचाच वापरावा. रात्रभर लावून झोपू नये. पाण्याच्या जोरदार पाइपने सायकल धुऊ नये.

कुंभारीत पहिल्या दिवशी बायकांनी घोळकाच केला. एकीने विचारलं, ‘‘अक्का, ही सायकल म्हणायची का गाडी?’’ दुसरीने थेट मुद्द्यालाच हात घातला, ‘‘केवढ्याला?’’ आकडा ऐकल्यावर सगळ्या गप्प झाल्या. त्यांचा हिशेब हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीचा. पान आणायला, तयार विड्या द्यायला जाण्यायेण्यात गेलेल्या वेळाचा पैसा कुणी देत नाही. जितका वेळ वाटेत, तितक्या विड्या कमी. मला सायकलीने तब्येत दिली, त्यांना ती मजुरी देऊ शकते.

तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ साली साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. बिहारमध्ये २००६ पासून शाळकरी मुलींना सायकली मिळू लागल्या. दोन्हीकडे चाक मिळाल्यावर बाईचं जग चार गावांनी मोठं झालं. आमच्या गटात सध्या चर्चा चालली आहे ती जुन्या सायकलीला मोटर आणि बॅटरीचं किट बसवण्याची. नव्या सायकलीपेक्षा ते बरंच स्वस्त पडतं. गटाच्या कर्जातून एक करायची, पाच जणींनी पाळीपाळीने वापरायची, आणि दर महिन्याला थोडे पैसे पुढच्या बॅटरीसाठी बाजूला टाकायचे, कारण काही वर्षांनी ती बदलावी लागतेच आणि खर्च हजारांत असतो.

त्याआधी दोघींना सायकल शिकायची आहे. एक बावीस वर्षांची, दुसरी पन्नाशीची. रविवारी सकाळी वसाहतीच्या मोकळ्या मैदानात शिकवणी सुरू आहे, बॅटरी बंद ठेवून. आधी तोल आला पाहिजे, मोटरचं नंतर बघू!