दहा वर्षे इंग्रजी शिकून हाती काय लागले?

आपल्या समाजात मुलगा किंवा मुलगी दहावीला बसली की सारे घर परीक्षेला बसते. टी.व्ही. बंद होतो. आई पहाटे उठून चहा करून देते. वडील ओव्हरटाईम करून क्लासची फी भरतात. निकालाच्या दिवशी सर्वांची नजर आधी गणितावर आणि इंग्रजीवर जाते. इंग्रजीत 40 गुण दिसले की "सुटला बाबा एकदाचा" म्हणून पेढे वाटले जातात.

पेढे जरूर वाटावेत. पण त्याच मुलाच्या हाती बँकेचा फॉर्म, औषधाच्या बाटलीवरची सूचना किंवा आय.टी.आय.मधल्या मशीनचे माहितीपत्रक दिले तर ते वाचून त्याला समजते काय? हा प्रश्न घरात कोणी विचारत नाही. गुणपत्रिकेतही त्याचे उत्तर नसते. म्हणून तो आता आपणच विचारला पाहिजे.

गुण वेगळे, वाचन वेगळे

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी ही तृतीय भाषा असते. 100 गुणांपैकी 80 लेखी परीक्षेचे आणि 20 शाळेतच होणाऱ्या तोंडी परीक्षेचे. उत्तीर्ण व्हायला 35 लागतात. तोंडीला पंधरा-सोळा मिळाले की उरलेले वीसेक गुण 80 पैकी काढायचे. शिकवलेल्या धड्यावरच्या प्रश्नांत ते बहुधा निघतात.

2019 साली भाषा विषयांचे हे 20 गुण काढून टाकले होते. त्या वर्षी राज्याचा दहावीचा निकाल 77.10 टक्के लागला. आदल्या वर्षी, 2018 मध्ये, तो 89.41 टक्के होता. 2020 साली ते गुण परत आले आणि निकाल 95.30 टक्के लागला. 2019 चा अभ्यासक्रम नवा होता आणि 2020 मध्ये कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हेही हिशेबात धरले पाहिजे. तरी दोन वर्षांत मुले एकदम ढ झाली आणि पुन्हा एकदम हुशार झाली, असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती मोजपट्टी.

अर्थ न कळता गुण कसे मिळतात ते पाहा. आम्ही एक निरर्थक वाक्य बनवतो : "गिरमूट काल लोबटीवर खिटला." आता प्रश्न : गिरमूट कुठे खिटला? उत्तर : लोबटीवर. केव्हा खिटला? काल. दोन्ही उत्तरे बरोबर, पैकीच्या पैकी गुण! गिरमूट म्हणजे माणूस की प्राणी, हे मात्र आपल्याला ठाऊक नाही. आपली पुष्कळ मुले इंग्रजीचा उतारा अशाच रीतीने सोडवतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि तिथली ओळ उतरवून काढायची.

याचे दुसरे उदाहरण आपल्या विहारातलेच आहे. आपली लहान मुले त्रिशरण-पंचशील घडाघडा म्हणतात. एकही उच्चार चुकत नाही. पण 'वेरमणी' म्हणजे काय, असे विचारले की गप्प होतात. "दूर राहणे" हा अर्थ कोणीतरी सांगितल्यावर त्यांना पाचही शीले एकदम उलगडतात. पाठांतर वाईट नाही, पण अर्थाशिवाय ते अर्धेच राहते.

देशाचे चित्रही असेच आहे. 'असर' या पाहणीत 2023 साली ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलामुलींना इंग्रजीची साधी वाक्ये वाचायला दिली होती. 57.3 टक्क्यांना ती वाचता आली. ज्यांना वाचता आली त्यांच्यापैकीही सुमारे एक चतुर्थांश मुलांना अर्थ सांगता आला नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीपासून होते. वर्षे वाढली, पण वर्षे वाढल्याने वाचन आपोआप वाढत नाही.

पॉलिसी मध्येच मोडली तर?

मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ शंभर वर्षांपूर्वी ढाक्याला नोकरीस होते. बंगालमधली पुष्कळ मुले शाळा अर्ध्यावर सोडतात, हे त्यांनी पाहिले. 1926 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी विम्याच्या धंद्यातला एक शब्द शिक्षणाला लावला : 'सरेंडर व्हॅल्यू'. विम्याची पॉलिसी मुदतीआधी मोडली तर हाती जी रक्कम पडते ती सरेंडर व्हॅल्यू. वेस्टसाहेबांचे म्हणणे असे, की शाळा मध्येच सोडणाऱ्या मुलाच्या हाती त्या विषयाचे काय पडते ते बघा. इंग्रजीत वाचता येणे ही गोष्ट अशी आहे की ती थोडी आली तरी उपयोगी पडते आणि पुढे स्वतःच्या बळावर वाढवता येते.

हा विचार आपल्या घरांना तंतोतंत लागू आहे. आपल्याकडे दहावीनंतर कोणी गॅरेजला लागतो, कोणी कुरिअरला. मुलीचे शिक्षण तर घरच्या अडचणीत सर्वांत आधी थांबते. दहा वर्षे भरलेल्या या हप्त्यांची रक्कम हाती किती पडणार, हे दहावीच्या निकालानंतर नव्हे, तर सातवी-आठवीतच तपासले पाहिजे. तेव्हा दुरुस्तीला वेळ असतो.

आम्ही कारकुनी करतो. आमच्या टेबलासमोर पदवी घेतलेली मुले अर्ज घेऊन येतात आणि हळूच विचारतात, "साहेब, इथे काय लिहू?" शब्द असतो 'स्पाऊस', म्हणजे पती किंवा पत्नी. दुसऱ्या रकान्यात 'डिपेंडंट', म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेली माणसे. हुशारीत ही मुले कोणाहून कमी नसतात. त्यांना अडवतात ते न तपासलेले शब्द.

घरच्या घरी तपासणी

ही तपासणी करायला आईवडिलांना इंग्रजी यायलाच पाहिजे असे नाही. एक कागद, एक पेन्सिल आणि अर्धा तास पुरतो. वस्तीत कॉलेजला जाणारा मुलगा किंवा मुलगी मदतीला असली तर उत्तमच.

पहिली पायरी उताऱ्याची. मूल ज्या इयत्तेत आहे त्याच्या दोन इयत्ता खालचे इंग्रजीचे पुस्तक घ्यावे. नववीला असेल तर सातवीचे. बालभारतीची पुस्तके मोबाईलवर फुकट उतरवून घेता येतात. त्यातला मुलाला पाठ नसलेला, साधारण 100 शब्दांचा उतारा निवडावा. पाठ असलेला धडा दिला तर परीक्षा वाचनाची न होता स्मरणशक्तीची होते.

दुसरी पायरी मोठ्याने वाचण्याची. मूल कुठे अडते ते पाहावे, मध्ये बोलू नये. वाचून झाल्यावर त्यालाच पेन्सिल देऊन सांगावे, "ज्या शब्दांचा अर्थ येत नाही त्यांच्याखाली रेघ मार." मग रेघा मोजाव्यात. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी हू यांनी 2000 साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. शंभरात वीस शब्द अनोळखी होते तेव्हा कोणालाच गोष्ट पुरेशी समजली नाही. दहा अनोळखी असताना थोड्यांनाच समजली. कोणाच्या मदतीशिवाय सुखाने वाचायचे तर शंभरात 98 शब्द ओळखीचे हवेत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. म्हणून आम्ही असा ठोकताळा धरतो : दोनपर्यंत रेघा असतील तर ते पुस्तक मूल एकटे वाचू शकेल. तीन ते दहा असतील तर सोबत कोणी बसावे. दहाच्या वर गेल्या तर आणखी खालच्या इयत्तेचे पुस्तक घ्यावे. त्यात लाज कसली?

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. पुस्तक मिटून ठेवावे आणि म्हणावे, "आता हे मला मराठीत सांग." इथे घरकाम करणारी आईसुद्धा परीक्षक होऊ शकते. सांगणे सलग आहे की तुटक, कोण, कुठे, कशासाठी हे जुळते की नाही, हे तिला बरोबर कळते. 'का' हा प्रश्न जरूर विचारावा, कारण 'का'चे उत्तर बहुधा ओळ उतरवून देता येत नाही. शेवटी तोच उतारा दुसऱ्या कोणी वाचून दाखवावा. ऐकल्यावर समजले आणि स्वतः वाचताना समजले नव्हते, तर अडचण अक्षरे जुळवण्याची आहे. ऐकूनही समजले नाही, तर अडचण शब्दांची आहे. शब्द सारे येतात पण गोष्ट सांगता येत नाही, तर अर्थ जोडण्याची सवय नाही. तीन आजारांना तीन वेगळी औषधे लागतात. सरसकट "याचे इंग्रजी कच्चे आहे" म्हणून क्लास लावल्याने एकही आजार बरा होईलच असे नाही.

शब्दांची झडती

शब्दांसाठी एक सोपी युक्ती आहे. वीस चिठ्ठ्या कराव्यात. पंधरांवर पुस्तकातले खरे शब्द लिहावेत आणि पाचांवर आपण बनवलेले खोटे, जसे 'मॉलिप', 'ट्रेनॉड'. मुलाने प्रत्येकाला "येतो" किंवा "येत नाही" म्हणायचे. खोट्या शब्दालाही "येतो" म्हणणारे मूल खोटारडे नसते. "येत नाही" म्हणायची त्याला भीती वाटत असते. ही भीती कुठे बसली याचा शोध घेतला पाहिजे. "तुमच्याकडून इंग्रजी होणार नाही" हे वाक्य आपल्या किती मुलांनी वर्गात ऐकले असेल, हे आपल्याला सांगायला नको.

"येतो" म्हटलेल्या शब्दाचा अर्थ मराठीत विचारावा आणि वाक्यात वापरायला लावावा. 'बुक' म्हणजे पुस्तक हे सर्वांना येते, पण तिकीट 'बुक' करणे हाही तोच शब्द आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. उलट, आपल्या मुलांना कानाने कितीतरी इंग्रजी शब्द येत असतात : स्टेशन, रिचार्ज, बॅटरी, पेपर, टीचर. 'व्हॅलिडिटी' तर आपल्या प्रत्येक घराला ठाऊक, जातीच्या दाखल्याचीही आणि मोबाईलच्या रिचार्जचीही. हे शब्द छापील अक्षरांत ओळखायला लावा. सुरुवातीची पुंजी घरातच सापडेल.

मग पुढे किती शब्द लागतात? याच वेस्टसाहेबांनी 1953 साली नेहमी लागणाऱ्या सुमारे 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातले शंभरपैकी ऐंशीच्या आसपास शब्द अशा यादीतलेच असतात. रोज पाच शब्द पक्के केले तर सुट्ट्या, आजारपण, सणवार वजा जाता वर्षाला हजार होतात. दोन वर्षांत पाया तयार. यासाठी लागते ती एक दोनशे पानी वही.

अक्षरांत अडणाऱ्या मुलाने रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचावे आणि सारख्या स्पेलिंगचे शब्द एकत्र लिहावेत, जसे लाइट, नाइट, राइट. अर्थात अडणाऱ्याने प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून मराठीत सांगावे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचीही हीच तपासणी घ्यावी. भारी फी भरली आणि उच्चार फाडफाड आले म्हणजे विज्ञानाचा धडा समजलाच, असे मानू नये.

मापावे, पण मारू नये

थर्मामीटर लावून ताप निघाला म्हणून कोणी रोग्याला मारत नाही. ही तपासणीही तशीच आहे. निकाल चारचौघांत वाचून दाखवू नये. बहीण-भावंडांत किंवा शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. वहीत तारीख आणि रेघांचा आकडा लिहावा, तीन महिन्यांनी त्याच इयत्तेचा दुसरा उतारा घ्यावा. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या आकड्याशी होऊ द्यावी.

सावित्रीबाई फुले यांनी 1854 सालच्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला आहे. बाबासाहेब 1907 साली मॅट्रिक झाले, तेव्हा ती केवढी घटना वाटली म्हणून त्यांचा सत्कार झाला. पुढे त्यांनी 1920 साली 'मूकनायक' मराठीत काढले आणि मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले. आपल्या माणसांशी आपल्या भाषेत आणि जगाशी जगाच्या भाषेत, असा तो व्यवहार होता. त्यांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथन साध्या इंग्रजीत आहे. मसूर स्टेशनवर अडकलेल्या लहान भीमाची हकिकत मुलांनी जयंतीच्या भाषणांत मराठीत ऐकलेली असते. म्हणून तपासणीसाठी तो उतारा चालणार नाही, पण वाचनाची गोडी लावायला याहून चांगले काय? दहावी होईपर्यंत आपल्या प्रत्येक मुलाने ते मूळ इंग्रजीत वाचावे, एवढे ध्येय ठेवायला हरकत नाही.

धम्मवंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो, म्हणजे या आणि स्वतः पाहा. आपल्या मुलांच्या शिक्षणाबाबतही तेच केले पाहिजे. रविवारी वंदना झाल्यावर विहारात अर्धा तास थांबावे. कॉलेजच्या दोन मुलांनी उतारे आणावेत, माता-भगिनींनी समोर बसून मराठीत ऐकावे आणि प्रत्येक मुलाची वही सुरू करावी. पहिल्या पानावर तारीख, पुस्तकाची इयत्ता आणि रेघांचा आकडा. एवढ्यावर काम सुरू होते.