केंटकीचा कौल
मार्च २०१८. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात शिक्षकांच्या पेन्शनमधले बदल चक्क सांडपाण्याच्या विधेयकात घुसवून एका दिवसात मंजूर झाले. शिक्षकांनी सामूहिक रजा टाकल्या, शाळा बंद पडल्या; गव्हर्नर मॅट बेविन यांनी वर शिक्षकांवरच तोंडसुख घेतलं. २०१९मध्ये ते जेमतेम पाच हजार मतांनी पडले. त्यांना हरवून गव्हर्नर झालेल्या अँडी बेशिअर यांनी शपथविधीच्याच दिवशी राज्य शिक्षण मंडळ बरखास्त करून नवं नेमलं.

पण गव्हर्नर बदलला म्हणजे सगळं जिंकलं, असं नव्हे. विधिमंडळ बेविन यांच्या रिपब्लिकन पक्षाकडेच राहिलं. २०२४मध्ये खासगी शाळांना सरकारी पैसा देण्याची वाट मोकळी करणारी घटनादुरुस्ती मतदानाला आली. त्याच दिवशी ट्रम्प यांना भरघोस मतं देणाऱ्या या राज्याने ती सर्व १२० काउंट्यांत फेटाळली.