जुनी जीप अडली, तर आधी काय बघाल?

गावात नव्या गाड्या कितीही आल्या, तरी वाड्या-वस्त्यांवर जुन्या डिझेल जीपचं काम अजून संपलेलं नाही. सकाळी दुधाचे कॅन, दुपारी खताची पोती, बाजाराच्या दिवशी माणसं. आणि रात्री-अपरात्री कुणाला साप चावला, बाळंतपणाची अडचण आली, की १०८ ला फोन लावता लावता हीच जीप बाहेर काढावी लागते. अशा वेळी ती दारातच अडून बसली तर? फिटर तालुक्याला, आणि तोही झोपलेला. म्हणून मालकाला चार गोष्टी स्वतःला आल्याच पाहिजेत.

या गाडीची मोठी सोय अशी, की तिच्या इंजिनात संगणक नाही. तुमच्या जुन्या ट्रॅक्टरचीच ही बहीण. तिला तीन गोष्टी लागतात : डिझेल, हवा आणि दाब. बिघाड शोधायचा तो क्रमाने. उगीच दिसेल तो नट खोलू नका.

सेल्फ फिरतो का?

सेल्फ फिरतच नसेल, तर डिझेलकडे बघू नका, बॅटरीकडे बघा. दिवे लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंद झाले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली, तर आधी वजाची वायर काढा, मग अधिकची. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पुसून कोरडं करा. जोडताना उलट क्रम : आधी अधिक, शेवटी वजा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. विहिरीचं पाणी नको आणि अ‍ॅसिडही नको.

सेल्फ फिरतो, पण इंजिन धरत नाही

आधी टाकीत डिझेल आहे का बघा. मग इंजिन बंद करायची ओढणी पूर्ण आत गेली आहे का बघा. ती अर्धवट अडकली, तर दिवसभर सेल्फ मारला तरी गाडी चालू होणार नाही. हे दोन्ही ठीक असेल, तर बहुधा एअर धरली आहे.

एअर काढायची रीत अशी. डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा एअरचा बोल्ट दोन आटे ढिला करा आणि फीड पंपाचा हातपंप दाबत राहा. आधी फेस येईल. बुडबुडे थांबून नुसतं डिझेल यायला लागलं, की हातपंप चालू ठेवूनच बोल्ट आवळा. नंतर मोठ्या पंपावरच्या एअरच्या स्क्रूलाही तसंच करा. सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये थांबा. इंजेक्टरच्या पाइपांना मात्र चालू इंजिनात हात लावू नका. तिथलं डिझेल इतक्या दाबाचं असतं, की कातडीतून आत शिरतं. तसं झालं, तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा. आणि हे काम चालू असताना बिडी-काडी लांब ठेवा.

चार दिवसांनी पुन्हा एअर धरली, तर टाकीपासून फीड पंपापर्यंतची रबरी नळी तपासा. या नळीतून डिझेल ओढलं जातं. त्यामुळे तिथली बारीक भेग बाहेर थेंब गाळतेच असं नाही, पण बाहेरची हवा आत घेते. फिल्टरच्या बोल्टाखालचे चेपलेले तांब्याचे वॉशरही बदला. काम दहा-वीस रुपयांचं, त्रास महिनाभराचा.

गाडी तापली तर

काटा वर गेला, की गाडी बाजूला घ्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. वाफेने तोंड भाजतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. हेडला तडा जातो. अर्धा तास थांबा. तेवढ्यात फॅनचा पट्टा बघा. बऱ्याच जीपमध्ये एकाच पट्ट्यावर पाण्याचा पंप आणि डायनामो दोन्ही चालतात. म्हणून बॅटरीचा लाल दिवा लागला आणि काटाही चढला, तर पट्टा तुटला असं समजा. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबावा.

बोअरचं पाणी रेडिएटरला घालण्याची सवय सोडा. पाणी तापवायच्या बंबात पांढरा थर साचतो ना, तोच रेडिएटरच्या नळ्यांत साचतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर मिसळून घाला.

आठवड्याचा अर्धा तास

रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, ऑईलची पट्टी, रेडिएटर, बॅटरीचं पाणी, ब्रेक ऑईल आणि चाकातली हवा बघा. एअर फिल्टर झाडा. धुळीच्या रस्त्यावर तो लवकर भरतो आणि धूर काळा होतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जाळतंय. गरम इंजिनातून पांढरा धूर येत राहिला आणि पाणीही कमी होत असेल, तर हेडचं गॅस्केट तपासून घ्या. पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी काढत चला. गाडीत एक पट्टा, होज पाइप, क्लिपा, वॉशर, पाने, पक्कड आणि टॉर्च कायम ठेवा.

ब्रेक आणि स्टिअरिंग मात्र जाणत्या फिटरकडेच द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी शिरू नका. चाकांना दगड आणि चॅसीखाली भक्कम लाकडी ठोकळे हवेतच.

शेवटी कागदांचं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते, पर्यावरण करही भरावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीची नूतनीकरण फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरील गाड्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून ही सवलतच उरली नाही. कार्यालयातल्या मंडळींनी आपल्या गाडीची तारीख बघून ठेवावी. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर काढू नका. अपघात झाला, तर विमा कंपनी पहिल्यांदा कागदच मागते.

पहिला पाऊस पडायच्या आत एखाद्या सवडीच्या दुपारी घरातल्या पोराला सोबत घ्या आणि एअर काढायचा सराव एकदा करून बघा. अंधारात, पावसात, मागच्या सीटवर पेशंट असताना तो शिकता येत नाही.