पातळ होत गेलेला संगमरवर

दिवाणखान्यातली एक भिंत, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच. ती संगमरवराने मढवायची म्हटलं तर नव्वद चौरस फूट दगड लागतो. बाजारात सहज मिळणारी १८ मिलिमीटर जाडीची लादी चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास भरते, म्हणजे सगळा दगड मिळून चारशे किलो झाला. त्यापाठोपाठ टेम्पो, हमाल, लिफ्टच्या वापरावरून सोसायटीशी वाद, कटरचा आवाज आणि आठवडाभर घरात बसणारी पांढरी धूळ. तीच भिंत संगमरवरी वॉलपेपरने झाकायची तर दोन रोल पुरतात. दोन्ही मिळून वजन दोन-तीन किलो, जाडी अर्ध्या मिलिमीटरहून कमी. दुकानातून निघताना ते स्कूटरवर पायाशी ठेवता येतात आणि संध्याकाळपर्यंत भिंत उभी राहते.

‘नकली माल’ म्हणून या कागदाकडे बघून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. पण भिंतीवरचा अस्सल संगमरवरसुद्धा बहुतेक ठिकाणी वरवरचाच असतो. ताजमहालाच्या भिंतींचा गाभा विटा आणि चुन्याचा आहे. मकराण्याचा शुभ्र दगड त्यावर बाहेरून बसवलेला आहे. इमारतीचा भार पेलण्याचं काम संगमरवराकडे फार थोड्या ठिकाणी राहिलं. बाकी सगळीकडे तो अंगावर चढवायचा दागिना झाला आणि दागिना म्हटला की तो कमी वजनात कसा बसवता येईल हे सोनार आणि गिऱ्हाईक दोघंही बघतात. संगमरवराचा सगळा इतिहास या वजन उतरवण्याचा आहे. वॉलपेपर हे त्यातलं शेवटचं टोक.

ही गोष्ट निदान दोन हजार वर्षं जुनी आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी याने निसर्गाविषयीच्या आपल्या महाग्रंथाचा छत्तिसावा खंड दगडांना वाहिलेला आहे. संगमरवराचे तक्ते कापून विटांच्या भिंतीवर बसवण्याचं सर्वांत जुनं उदाहरण त्याला सापडलं ते हालिकार्नासस इथल्या राजा मॉसोलसच्या वाड्यात, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं. आजच्या तुर्कस्तानातलं बोडरुम ते हेच. खुद्द रोममध्ये घरभर भिंतींना संगमरवर लावणारा पहिला माणूस म्हणून प्लिनी मामुराचं नाव देतो. हा मामुरा गॉलच्या मोहिमेत सीझरच्या सैन्यातल्या अभियंत्यांचा प्रमुख होता. प्लिनीला ही चैन पसंत नव्हती. तरीही दगड कापायची रीत तो बारकाईने सांगतो: करवत नुसती पुढेमागे फिरते, खरं कापण्याचं काम तिच्याखाली पडणारी वाळू करते.

इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि त्यात प्लिनीचा अंत झाला. त्याच राखेने पाँपेई आणि हर्क्युलेनियम ही गावं गाडली आणि त्यांच्यासोबत तिथल्या घरांच्या भिंतीही जपल्या. त्यांतल्या सर्वांत जुन्या शैलीच्या भिंतींवर गिलाव्यात चौकोनी ठोकळे उठवून त्यांना पिवळा, लाल, हिरवा, शिरा असलेला दगड वाटावा असा रंग दिला आहे. ही शैली इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. म्हणजे मामुराने घराला खरा दगड लावला त्याच्या कितीतरी आधीपासून पाँपेईतले खातेपिते लोक चुन्याच्या संगमरवरात राहत होते.

पुढे प्रत्येक काळाने आपापली युक्ती काढली. सतराव्या शतकात इटलीत मोदेना शहराजवळच्या कार्पी गावातल्या कारागिरांनी जिप्सम, सरस आणि रंग मळून ‘स्काल्योला’ तयार केला. घासून चकाकी आणली की हा लगदा हुबेहूब दगड दिसतो. आपल्याकडे राजस्थानात चुन्यात संगमरवराची भुकटी मिसळून, अकीकाने घोटघोटून ‘आराइश’ची आरशासारखी भिंत केली जायची. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये तर नुसत्या रंगाने संगमरवर काढणं हा स्वतंत्र पेशा झाला. ओल्या रंगावर पिसाच्या टोकाने शीर ओढायची, ओढताना बोटांत पीस थोडं फिरू द्यायचं आणि लगेच बॅजरच्या केसांच्या मऊ ब्रशने तिची कड पुसट करायची. या कामात नावाजलेल्या थॉमस कर्शॉला १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात पदक मिळालं. त्याने रंगवलेले नमुने आज तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

हाताने होणारं हे काम कागदावर सर्रास उतरलं ते यंत्रामुळे. इंग्लंडमध्ये १७१२पासून वॉलपेपरवर कर होता, तो १८३६मध्ये उठला. तीन वर्षांनी, १८३९मध्ये, लँकेशायरमधल्या डार्वेन गावच्या पॉटर मंडळींनी रुळांवर छपाई करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. एकेक ठोकळा हाताने दाबत छापला जाणारा कागद आता वाफेच्या जोरावर पळू लागला आणि मध्यमवर्गीयांच्या खिशाला परवडू लागला. जिन्याच्या आणि प्रवेशाच्या जागेत दगडी चिऱ्यांसारखे चौकोन पाडून संगमरवरी कागद लावायचा आणि वरून व्हार्निश मारायचं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचे हात लागले तरी पुसून घेता येतं, अशी तिथली रीत होती.

त्यावर टीकाही जोरदार झाली. कलासमीक्षक जॉन रस्किनने १८४९च्या ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’मध्ये एका पदार्थावर रंग देऊन तो दुसराच भासवण्याला सरळ लबाडीच्या खात्यात टाकलं. पण हाच रस्किन पुढे व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चच्या विटांवर चढवलेल्या पातळ संगमरवराची बाजू घेतो. तक्ते ठोकून बसवल्याच्या खुणा तिथे उघड दिसतात, म्हणून ती फसवणूक ठरत नाही, असा त्याचा युक्तिवाद. मला हा निकष आजही उपयोगी वाटतो. कागदाने कागद असल्याचं लपवायची धडपड केली की तो केविलवाणा होतो. आपलं कागदपण सांभाळून त्याने दगडाची ऐट उचलली तर तो देखणा दिसतो.

महाराष्ट्राला या नकलेचं वावडं असायचं काहीच कारण नाही. आपली भूमी बहुतांशी काळ्या पत्थराची, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून थिजलेल्या बेसॉल्टची. गडकोट, घाट, वाड्यांची जोती सगळी त्याचीच. संगमरवर इथे नेहमी पाहुणा म्हणूनच आला, मकराण्याहून नाहीतर अंबाजीहून, आणि मान मिळाला तो देव्हाऱ्यात. राजवाड्याची हौस आपण भागवली ती कापडावर. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघं सिनेमाकडे वळण्याआधी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते. खांब, कमानी, महाल असा सगळा थाट गुंडाळून बैलगाडीत घालता येत असे. गणपतीच्या मखराचे शुभ्र खांब कित्येक वर्षं थर्मोकोलचे होते. २०१८च्या बंदीनंतर ते पुठ्ठ्याचे आणि छापील कागदाचे झाले. त्यांना कुणी खोटं म्हटलं नाही.

आता हा कागद तयार कसा होतो ते पाहू. संगमरवर म्हणजे पृथ्वीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने रूपांतर झालेला चुनखडक. मूळ खडकात जे कमीअधिक मिसळलेलं होतं त्याच्या या शिरा: ग्रॅफाइटची करडी, लोहाच्या ऑक्साइडची पिवळी-तांबूस, सर्पेंटाइनची हिरवी. दगड तडकला, तडा पुन्हा भरला, पुन्हा दाबला गेला. त्यामुळे खऱ्या शिरेला दिशा असते, ती कुठे जाड, कुठे केसासारखी होते आणि मध्येच तुटून बाजूला सरकते. कॅराराच्या शिरा करड्या, पिसासारख्या मऊ. कॅलकाटाच्या ठसठशीत, सोनेरी छटेच्या. स्पेनच्या नीरो मार्किनात काळ्याभोर दगडावर पांढऱ्या रेघा. चांगला चित्रकार हे ओळखून असतो. हलक्या कागदावर सगळ्या शिरा एकाच जाडीच्या असतात आणि झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत जातात.

चित्र ठरलं की प्रत्येक रंगाचा वेगळा रूळ कोरला जातो. आधी पांढरी जमीन, मग ढगाळ करडी छटा, मग शिरा, शेवटी हवी असल्यास सोनेरी कड. त्यानंतर कागदावरच्या विनाइलच्या थरावर उठाव दाबला जातो. या सगळ्या पद्धतीत एक अडचण मुळातच आहे. रूळ गोल असल्यामुळे त्याचा एक फेरा पूर्ण झाला की चित्र पहिल्यापासून सुरू होतं. हा फेरा बहुधा ५३ किंवा ६४ सेंटिमीटरचा असतो. नऊ फूट उंचीत ६४ सेंटिमीटरचा फेरा चारदा पुरा होऊन थोडा उरतो. भिंतीच्या रुंदीत सहा पट्टे बसतात, म्हणजे एकच शीर भिंतीवर पंचवीसेक वेळा उमटते. फुलापानांच्या कागदात ही पुनरावृत्ती शोभा असते. संगमरवरात मात्र तीच चोरी पकडून देते, कारण निसर्ग एक रेघ दोनदा ओढत नाही.

यावर जुना तोडगा म्हणजे उतरती जुळणी. शेजारचा पट्टा अर्धा फेरा खाली सरकवून लावायचा, म्हणजे सारख्या शिरा एका ओळीत येत नाहीत. नवा तोडगा डिजिटल छपाईचा. त्यात रूळच नसतो, त्यामुळे अख्ख्या भिंतीचं एकच चित्र मापानुसार छापून घेता येतं. एक लादी दोन भागांत चिरून पुस्तकासारखी उघडली की शिरा आरशातल्यासारख्या समोरासमोर येतात. दगडवाले ज्याला ‘बुकमॅच’ म्हणतात तो प्रकार त्यामुळे कागदावरही आला आणि टीव्हीमागच्या भिंतीवर त्याने बस्तान बसवलं.

छपाई कितीही चांगली झाली तरी निम्मं श्रेय लावणाऱ्याचं. मुरलेला कारागीर आधी कागद उघडतच नाही. तो भिंतीवरून तळहात फिरवतो. दगडाच्या लादीमागे भिंतीचे खड्डे-उंचवटे दडून जातात, कागदात ते वर येतात. पुट्टीचा एक दाणा राहिला तरी पांढऱ्या जमिनीवर तो मुरुमासारखा दिसतो. घासणं, पुट्टी, प्रायमर हे उरकल्यावर तो ओळंबा सोडून पेन्सिलीने उभी रेघ आखतो, कारण खोलीचा कोपरा काटकोनात असेल यावर त्याचा विश्वास नसतो. मग सगळ्या रोलांवरचा बॅच नंबर ताडून पाहतो. पांढऱ्यात पांढरे फार असतात, आणि दोन बॅचमधला फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही.

नॉनवोव्हन कागद असेल तर पेस्ट भिंतीला लावायची. साधा कागद असेल तर ती पाठीला लावून, घडी घालून काही मिनिटं ठेवायची, कारण कागद पाणी पिऊन फुगतो. ते फुगणं जमिनीवर होऊ दिलं नाही तर भिंतीवर होतं आणि फुगे येतात. पहिला पट्टा रेघेला लागला की मधून कडेकडे पट्टी फिरवून हवा काढायची. खरी परीक्षा दुसऱ्या पट्ट्याला. त्याची कड पहिल्याला नुसती भिडवायची, वर चढू द्यायची नाही, आणि ओली आहे तोवर तळहाताने इंच-अर्धा इंच वर-खाली सरकवत शिरेला शीर मिळवायची. सुरुवात खिडकीच्या बाजूने, म्हणजे जोडावर प्रकाश आडवा पडून सावली उठत नाही. वरखालचा जादा कागद कापताना कटरच्या पात्याचं टोक पुन्हा पुन्हा मोडून नवं घ्यायचं. बोथट पातं ओला कागद कापत नाही, फाडतं.

या कागदाचा एकच कट्टर वैरी आहे आणि कोकणात व मुंबईत तो दर जूनला दारात येतो. नैर्ऋत्येचा पाऊस झेलणारी बाहेरची भिंत आतून ओल धरते. विनाइलमधून ती ओल बाहेर पडू शकत नाही, मागे बुरशी धरते आणि जोड सुटू लागतात. त्यामुळे वॉलपेपर आतल्या भिंतीवर लावावा. नवा गिलावा पुरता सुकेपर्यंत थांबावं. बाथरूमच्या पाठीची भिंत आधी तपासावी. स्वयंपाकघरात हिशेब थोडा निराळा आहे. खऱ्या संगमरवराला लिंबू सोसत नाही, आम्लाने त्याची चकाकी जागच्या जागी मरते. विनाइलला लिंबाचं काही होत नाही, पण शेगडीची धग आणि कुकरची वाफ त्याचे जोड उकलते. चारही भिंतींना तो लावू नये हे तर कुठलाही जाणता सजावटकार सांगेल. एक भिंत संगमरवरी असली की बाकीच्या तीन साध्या रंगाच्या भिंती तिला उठाव देतात. चारही झाल्या की हॉलचं हॉटेल होतं.

स्पर्धा अर्थातच आहे. मोरबीच्या छापील टाइल्स, आठ बाय चारच्या चकचकीत यूव्ही शीट, लॅमिनेट, सगळेच संगमरवराचा मुखवटा घालून उभे आहेत. पण ते सगळे ठोकून, चिकटवून, कायमचे बसतात. वॉलपेपर निघतो. नॉनवोव्हन असेल तर कोपऱ्यातून धरून अख्खा पट्टा सोलून येतो. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या भाडेकरूला आणि दर पाच-सात वर्षांनी घराचा चेहरा बदलावासा वाटणाऱ्या गृहिणीला हा गुण दगडाच्या चिरंतनपणापेक्षा जास्त कामाचा आहे.

वजन उतरवण्याच्या या लांब प्रवासात संगमरवराने एकेक गोष्ट सोडली. भार पेलण्याची ताकद आधीच विटांकडे गेली होती, मग खाणीशी नातं सुटलं, मग स्पर्शाचा गारवा, शेवटी टिकाऊपणा. उरली ती शीर. भिंतीकडे पाहताना लोकांना हवी होतीही तीच, म्हणून तर सगळं गमावूनही हा दगड खपतो. तेव्हा विकत घेताना ‘खऱ्यासारखा दिसतो का’ असं विचारू नये. लांबून सगळेच तसे दिसतात. रोल दोन मीटर उलगडायला लावावा, एक शीर बोटाने धरावी आणि ती किती अंतरावर पुन्हा भेटते ते मोजावं. ती जितकी उशिरा भेटेल तितका कागद चांगला.