कोळशाची वाघीण आणि परतीच्या भाड्याचा हिशेब

गाडी एका बाजूने रिकामी फिरली की नफा निम्मा होतो, हे वाहतुकीचा धंदा करणाऱ्या आमच्या वाचकांना सांगायला नको. ब्रिटनमधील वेल्स प्रांताच्या फेस्टिनिऑग रेल्वेपुढे हाच प्रश्न होता. तिथे जपलेल्या कोळशाच्या जुन्या वाघिणींमागे त्याचे उत्तर आहे.

ही रेल्वे १८३६ साली सुरू झाली. रुळांतील अंतर जेमतेम दोन फूट. डोंगरातील पाटीच्या दगडाच्या खाणींपासून पोर्थमॅडॉग बंदरापर्यंत सारा उतार असल्याने भरलेल्या वाघिणी आपल्याच भाराने खाली येत. रिकाम्या वाघिणी वर ओढायला घोडे लागत, १८६३ पासून वाफेची इंजिने आली. खर्च होता तो वर जाण्याचा. खाणींना व तिथल्या वस्तीला कोळसा तर लागेच. वर जाणाऱ्या गाडीला तो जोडला की त्या फेरीचेही भाडे मिळे, आणि कोळशाची रिकामी वाघीण उतारावरून फुकट खाली येई.

मात्र दगडाच्या वाघिणीला बाजूंना नुसत्या पट्ट्या, त्यातून कोळसा गळणार. म्हणून बंद बाजूंच्या वेगळ्या वाघिणी बनवाव्या लागल्या. मालाप्रमाणे बारदान, हा नियम इथेही लागू पडला.

दुसरी अडचण रुळांची. मोठ्या रेल्वेचा कोळसा मिनफॉर्द येथे छोट्या वाघिणींत भरावा लागे. माल जितक्या वेळा हाताळाल तितकी मजुरी वाढते आणि कोळशाचा चुराही होतो. आपल्याकडे आदमजी पीरभॉय घराण्याने १६ लाख रुपये खर्चून उभारलेली आणि १९०७ साली सुरू झालेली माथेरानची गाडीही दोन फुटी रुळांचीच. नेरळला मोठ्या रुळांवरून आलेला माल उतरवल्याशिवाय तिच्यात चढत नसे.

फेस्टिनिऑग रेल्वे १९४६ साली बंद पडली. हौशी मंडळींनी कंबर कसली आणि १९५५ पासून ती प्रवाशांसाठी पुन्हा धावू लागली. ओला कोळसा लोखंड खातो, त्यामुळे वाघिणीचा तळ आणि कोपरे आधी सडतात. ते बदलायला लोहार, सुतार आणि रिबीट मारणारा कारागीर लागतो. या रेल्वेच्या बोस्टन लॉज कारखान्यात ही कामे आजही चालतात.

आता कोळशाचेच दिवस सरत आले आहेत. वेल्समधील फॉस-अ-फ्रान ही मोठी खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. वाफेच्या जुन्या गाड्यांना तिथून कोळसा मिळत असे. तो आता बाहेरून आणा, नाहीतर दुसरे इंधन वापरा, अशी वेळ आली आहे.

आमच्या कारागीर बंधूंनी यातून एवढे ध्यानात घ्यावे. मालाचा बाजार उठला तरी हातातल्या कसबाचा बाजार उठतोच असे नाही. जुने यंत्र, जुनी गाडी दुरुस्त करण्याची कला घरात असेल, तर ती पुढच्या पिढीला शिकवून ठेवा.