साधने हाताशी, प्रस्तावना लांब

वॉशिंग्टनच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने १९९० साली ‘अमेरिकन मेमरी’ नावाचा एक प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. आपल्या भांडारातली जुनी छायाचित्रे, हस्तलिखिते, ध्वनिमुद्रणे आणि आरंभीचे चित्रपट निवडून लेसर डिस्क व सीडी-रॉमवर उतरवायचे आणि देशभरातल्या ४४ शाळा-ग्रंथालयांकडे पाठवायचे, असा तो बेत होता. १९९४ मध्ये प्रयोग संपला आणि या ४४ ठिकाणांची पाहणी झाली. आणखी साहित्य पाठवा, असा सर्वांत जोरदार आग्रह निघाला तो शाळांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांचा. संशोधकांसाठी जपलेल्या ठेव्याला वर्गात गिऱ्हाईक मिळाले होते.

मात्र चकत्या तयार करून गावोगाव धाडणे परवडणारे नव्हते. नेमके तेव्हाच वेब पसरू लागले. १३ ऑक्टोबर १९९४ रोजी ग्रंथालयाने १ कोटी ३० लाख डॉलरच्या देणग्या मिळाल्याचे जाहीर करून ‘नॅशनल डिजिटल लायब्ररी’ कार्यक्रम सुरू केला. २००० सालापर्यंत ५० लाख वस्तू ऑनलाइन आणण्याचे लक्ष्य ठरले. तेव्हाचे ग्रंथपाल जेम्स बिलिंग्टन यांनी या कामामागे आपले वजन उभे केले. १९९७ पासून उन्हाळ्यात निवडक शिक्षक आणि शालेय ग्रंथपालांना बोलावून त्यांच्याकडून याच साहित्यावर पाठ तयार करून घेतले जाऊ लागले.

त्या काळच्या ‘अमेरिकन मेमरी’त प्रत्येक संग्रहाचा वेगळा संसार होता. यादवी युद्धातली छायाचित्रे एकीकडे, एडिसनच्या कंपनीचे चित्रपट दुसरीकडे. प्रत्येक संग्रहाला स्वतःचे मुखपृष्ठ, परिचयलेख आणि कालपट असे. आत जायचे तर या ओसरीवरूनच जावे लागे. शिक्षकाला त्याचा त्रासही होई. एकच विषय अनेक संग्रहांत विखुरलेला असे. त्याहून वाईट म्हणजे, शोध घेतल्यावर वर दिसणारा पत्ता पुष्कळदा तात्पुरता असे. रात्री तो पाठाच्या टाचणात उतरवून घ्यावा आणि सकाळी वर्गात उघडावा, तर पान गायब! कायमचा पत्ता कसा शोधायचा हे शिक्षकांना वेगळे शिकावे लागे.

२०१० नंतरच्या दशकात हे संग्रह टप्प्याटप्प्याने ग्रंथालयाच्या मुख्य संकेतस्थळावरच्या नव्या मांडणीत आले. आता एकाच चौकटीत शब्द टाकला की छायाचित्रे, नकाशे, वर्तमानपत्रे, पत्रे सगळी एकत्र समोर येतात. काळ, ठिकाण, साहित्यप्रकार यांनुसार ती चाळता येतात. प्रत्येक वस्तूला स्थिर पत्ता आहे. संदर्भ कसा द्यावा याचे तयार नमुने आणि वापराच्या हक्कांची माहिती त्याच पानावर मिळते. शिक्षकाने या सुधारणेला भरभरून गुण द्यावेत.

नव्या मांडणीची ताकद पाहायची तर छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचे ‘मायग्रंट मदर’ उघडावे. १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे काढलेले हे छायाचित्र पाठ्यपुस्तकांत एकटेच छापले जाते. ग्रंथालयात त्याच भेटीत टिपलेली इतर छायाचित्रेही आहेत. ती शेजारी ठेवली की लँग हळूहळू जवळ कशा सरकत गेल्या, तंबू आणि सामान चौकटीबाहेर कसे गेले, हे मुले स्वतः ओळखतात. मूळ निगेटिव्हमध्ये उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबावर एक अंगठा दिसत होता, तो १९३९ मध्ये रिटच करून पुसट केला गेला. हे समजले की ‘फोटो खोटे बोलत नाही’ या समजुतीची तपासणी वर्गात आपोआप सुरू होते. ग्रंथालयाचा विश्लेषणाचा तक्ताही हेच करायला लावतो. त्यात तीन रकाने आहेत: काय दिसते, त्यावरून काय वाटते, कोणते प्रश्न पडतात.

कस लागतो तो दुसऱ्या एका संग्रहाशी. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी लेखन प्रकल्पातल्या मुलाखतकारांनी गुलामगिरी भोगलेल्या वृद्धांच्या आठवणी नोंदवल्या. २,३०० हून अधिक निवेदने आणि सुमारे ५०० छायाचित्रे आज ऑनलाइन आहेत. पण बहुतेक मुलाखतकार गोरे होते आणि सांगणारे दक्षिणेतल्या वंशभेदी कायद्यांखाली जगत होते. महामंदीचे दिवस होते, समोरचा माणूस सरकारी म्हणून त्याच्याकडून मदतीची आशा होती. बोली कशी लिहायची हे लिहिणाऱ्याच्या हाती होते. अशा वेळी ‘मालक चांगला होता’ हे वाक्य कसे वाचायचे?

याचे उत्तर संग्रहाच्या परिचयलेखात आहे. या निवेदनांच्या मर्यादा त्यात सविस्तर मांडल्या आहेत. पण नव्या मांडणीत शोधाचा शब्द विद्यार्थ्याला थेट एखाद्या खंडाच्या मधल्या पानावर नेऊन सोडतो. तिथून लेखापर्यंत जायचे तर आधी संग्रहाचे नाव टिपायचे, मग त्याच्या मुखपृष्ठावर जायचे आणि तिथला लेखांचा विभाग उघडायचा. चौदा वर्षांचे मूल एवढी वाट तुडवत नाही. आपल्याकडे इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली, तेव्हा पत्रांइतक्याच त्यांच्या प्रस्तावनाही गाजल्या, कारण साधन आणि त्याची पारख एकाच बांधणीत वाचकाच्या हाती येत होती. लायब्ररीच्या नव्या मांडणीत साधन जवळ आले, पारख मात्र लांब गेली.

दुसरी तक्रार लहान, पण रोजची. शोधाच्या निकालांत स्कॅन केलेल्या वस्तूंबरोबर नुसत्या सूचीतल्या नोंदीही मिसळू शकतात. ऑनलाइन उपलब्ध असलेलेच दाखवणारा फिल्टर आहे, पण तो लावायचे ठाऊक नसलेला विद्यार्थी रिकाम्या नोंदींत हरवतो. जुन्या वर्तमानपत्रांत यंत्राने वाचलेला मजकूर अशुद्ध असला तर असलेली बातमीही सापडत नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘बाय द पीपल’ उपक्रमात स्वयंसेवक हस्तलिखिते टंकित करतात. त्याने पत्रे आणि रोजनिश्या शोधात येऊ लागल्या आहेत. शिक्षकांनी वर्गालाच त्या कामाला लावले, तर मुलांना मोडी-बोरूच्या अभ्यासासारखी जुन्या अक्षराची सवय होते आणि संग्रहही सुधारतो.

मराठी शिक्षकालाही हे भांडार परके नाही. ग्रंथालयाचे दिल्लीतले कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके जमवते, त्यांत मराठीही आहे. दक्षिण आशियाई साहित्यिकांच्या आवाजांच्या त्यांच्या ध्वनिमुद्रण प्रकल्पात मराठी लेखकांचे वाचन ऐकायला मिळते.

तर अभिप्राय थोडक्यात असा. शोध उत्तम, पत्ते भरवशाचे, चित्रांची प्रत देखणी. मात्र ज्या संग्रहांतली साधने संदर्भाशिवाय दिशाभूल करू शकतात, त्यांच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर परिचयलेखाचा दुवा आणि दोन ओळींची सूचना हवी. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही, कारण लेख आधीच लिहून तयार आहे. आपल्याकडेही दप्तरखाने आणि ग्रंथसंग्रहालये आता स्कॅनिंगला लागली आहेत. त्यांनी मांडणी पक्की करण्याआधी ती दोन-चार वर्गांत वापरून पाहावी आणि मुले कुठे अडतात ते टिपून घ्यावे.