मनगटाने पटवली ओळख!

कचरा डेपोत खजिना सापडेल का? स्पेनमध्ये सापडला! बार्सिलोना शहराजवळ कान माता नावाचा कचरा डेपो आहे. तो वाढवायला जमीन खणली, की खूप जुन्या प्राण्यांची हाडं वर यायची. म्हणून जीवाश्मांचे अभ्यासक तिथल्या खोदकामावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे.

2002 साली तिथे आधी एक शेपूट दिसली. मग मांडीची हाडं. सगळी चांगली मोठी! अभ्यासकांना वाटलं, हे माकड तर नसेल? तसं वाटणं साहजिक होतं, कारण याच परिसरात प्राचीन वानराची हाडंही मिळाली आहेत. पण आणखी खोदल्यावर बाहेर आला कुरतडणाऱ्या प्राण्याचा सांगाडा. माकडांचे अभ्यासक बिचारे हिरमुसले. खरी गंमत मात्र पुढेच होती.

सांगाड्यात मनगटाची इवलीइवली हाडं होती. आता असं बघा, उडणाऱ्या खारीच्या पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो. झेप घेतली, की मनगटाजवळची कूर्चेची काडी छत्रीच्या तारेसारखी बाहेर येते आणि पडदा ताणून धरते. मग खार तरंगत दुसऱ्या झाडावर जाते. तेही पंख नसताना! या काडीला आधार देणारी मनगटाची हाडं एकमेकांत वेगळ्याच तऱ्हेने बसलेली असतात. साध्या खारीत तशी नसतात. कान माताच्या सांगाड्यात ती अगदी उडणाऱ्या खारीसारखीच होती.

ही होती मायोपेटॉरिस्टा निओग्रिवेन्सिस, 1 कोटी 16 लाख वर्षांपूर्वीची उडणारी खार! जुन्या खारींचे बहुतेक वेळा दातच हाती लागतात, कारण दातांवरचं कवच फार टणक. पण नुसत्या दातांवरून ती खार तरंगायची की फक्त फांद्यांवर पळायची, ते पक्कं कसं सांगणार? मनगटाने ते सांगून टाकलं. अभ्यासक इझाक कासानोव्हास-व्हिलार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये हा शोध जगापुढे मांडला.

आणि आणखी एक नवल. तिचा सांगाडा आशियातल्या आजच्या मोठ्या उडणाऱ्या खारींशी जवळजवळ जुळतो. त्यांतली एक आपल्या सह्याद्रीतही राहते. ती दिवसा झाडाच्या ढोलीत झोपते आणि अंधार पडला की झेपा घ्यायला निघते.